पडीक म्हटलेला काठ

सीताराम तळ्याकाठच्या पाड्यात वाढला, मरोळच्या पलीकडे. वरच्या उतारावर गवत असायचं, ते तबेल्यांना जायचं. खाली भाताची खाचरं. उन्हाळ्यात तळं मागे सरकलं की उघड्या पडलेल्या काळ्या गाळात बायका मुळा, माठ, काकडी लावायच्या. त्याची थोरली बहीण शेवंती तिथलाच एक तुकडा कसायची. आई गेल्यावर त्याच काकड्या अंधेरीच्या बाजारात विकून तिने त्याला वाढवलं.

१९८३ साली सीताराम मरोळच्या एका कंत्राटदाराकडे कामाला लागला. इस्त्रीची पँट, पायात बूट. नखांतला गाळ गेला याचंच त्याला बरं वाटे.

मार्चमध्ये कंत्राटदार भराव टाकण्यासाठी तळ्याचा काठ बघायला निघाला. माहीतगार म्हणून सीतारामला त्याने जीपमध्ये घेतलं.

"इथे कोण कसतं का रे?"

समोरच्या वाफ्यात शेवंती पाणी घालत होती. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पाय चिखलाने भरलेले. भावाला बघून ती हसली. कंत्राटदार तिच्याकडे बघू लागला.

"पडीक आहे, साहेब," सीताराम म्हणाला. "अशाच येतात बायका, कुठल्या कुठल्या."

चैत्रात डंपर आले. खाणीतला चुरा आणि पाडलेल्या भिंतींचा राडारोडा काठावर पडला. वेलींना काकड्या धरल्या होत्या, त्या खाली गेल्या.

संध्याकाळी सीताराम बहिणीकडे गेला. ती तांदूळ निवडत होती.

"ताय, मीच सांगितलं त्यांना."

"ऐकलं मी. जवळच तर होते."

"जमीन आपल्या नावावर नव्हतीच ना. आज ना उद्या गेलीच असती."

"गेली असती. पण ही माझी बहीण, एवढं म्हणायला काय झालं होतं रे?"

तिने तांदूळ बाजूला ठेवले आणि त्याचं ताट वाढलं.

उरलेल्या काठावरचा गाळ टोपलीने आणून त्याने तिच्या झोपडीमागे वाफे केले. माठ उगवला, पण विहिरीच्या पाण्यावर धड वाढला नाही. पुढे शेवंती मरोळच्या एका कारखान्यात झाडलोट करू लागली. भरावावर गोदाम उभं राहिलं.

सीतारामने नोकरी सोडली नाही. जीप तळ्याकडे निघाली की तो काहीतरी काम काढून मागे राही. ताय त्याच्याशी पहिल्यासारखीच बोलायची, सणाला जेवायला बोलवायची. तो जायचा, आणि खाली मान घालून जेवायचा.