सोललेलं पपनस

माझं कोलेस्टेरॉल उतरावं म्हणून माझ्या आईनं मला मारायचंच बाकी ठेवलं होतं. रोज सकाळी, स्वतःच्या हातानं सोलून, पांढरं साल काढून, मीठ-मिरची लावून.

किडनीही तिचीच. माझ्या दोन्ही निकामी झाल्यावर तिनं आपली एक काढून दिली. बाहेरून आलेल्या किडनीवर शरीरानं हल्ला करू नये म्हणून मला जन्मभर गोळ्या, आणि त्या गोळ्यांनी कोलेस्टेरॉल चढलं. ते उतरवायला आणखी एक गोळी. तेल कमी, मटण बंद. आईनं त्या कोलेस्टेरॉलशी उभं वैर धरलं. कुळगावच्या बाजारात कुण्या भवानीनं तिला सांगितलं, आंबट फळानं चरबी कापली जाते. आमच्या परसात पपनसाचं झाड, भरभरून लागलेलं. मग काय विचारता!

"खा रं पोरा, सगली चरबी जलंल," ती म्हणायची, आणि मी खायचो.

थोड्याच दिवसांत हात थरथरायला लागले. अंबरनाथला कंपनीत सही करताना पेन उड्या मारायचं. मांड्या तर कुणी लाठीनं फोडून काढल्यासारख्या दुखायच्या. रक्त तपासलं तर त्यात किडनीच्या गोळीचं प्रमाण कुठल्या कुठे चढलेलं, आणि किडनी ढेपाळत चाललेली.

डॉक्टर कडाडले, "काय खाताय काय तुम्ही?"

"पपनस," आई कौतुकानं म्हणाली.

त्यांनी कपाळावर हात मारला. ग्रेपफ्रूट खायचं नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आम्ही जन्मात ग्रेपफ्रूट पाहिलं नव्हतं. पपनस त्याचंच भावंड निघालं. ते पोटात गेलं की दोन्ही गोळ्यांचा निचरा होत नाही, त्या अंगात साठत राहतात, आणि मार बसतो किडनीला.

"किडनी वाचेल की नाही, आत्ताच सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले.

आईनं त्यांची बाही धरली. "माजी दुसरी हाय ना. काढा ती."

मी तिला खेचतच बाहेर आणलं. घरी आल्यावर पपनसांच्या टोपलीला अशी लाथ घातली की फळं भिंतीवर फुटली. उरलेली एकेक उचलून आपटली. तरी राग जाईना, तेव्हा कुऱ्हाड घेऊन परसात धावलो. आईनं आडवी येऊन माझ्या थोबाडीत दिली, चांगली सणसणीत, आणि कुऱ्हाड हिसकावली.

"लावलंय मी, तोडीन पन मीच!"

आणि काय तोडलं तिनं! पदर खोचून, "माज्या पोराला खातंस, मेल्या?" असं किंचाळत घावावर घाव. शेजारपाजार कुंपणापाशी जमला, पण पुढं यायची एकाची छाती झाली नाही. मध्येच ती ऑपरेशनची बाजू दाबून धरायची, दम घ्यायची, परत घाव. मी तिला थांबवलं नाही. मला ते झाड मेलेलं बघायचं होतं.

डॉक्टरांनी गोळ्यांचं प्रमाण बदललं आणि किडनी सावरली. पहिल्यासारखी नाही, पण चालतेय. बिघडली ती आई. मला विचारून वाढणं तिला कधी ठाऊकच नव्हतं. आता ताट ठेवून माझ्या तोंडाकडे बघत उभी राहते.

परवा पाणी मागितलं. तिनं फुलपात्र पुढं केलं आणि हात मागं घेतला.

"ह्ये चालंल ना रं तुला?"

"पाणी आहे ते, आये!" मी एवढ्यानं बोंबललो की ती दचकली. फुलपात्र तिच्या हातातून ओढून घेतलं, तिच्यासमोर एका दमात रिकामं केलं, आणि म्हटलं, "अजून दे."