ब्रेकला बांधलेला दोरा

बाबा आजारी पडले त्या वर्षी माझी देवपूजा नुसती हाताची सवय होऊन राहिली होती. दिवा लावायचे, पण मन डॉक्टरांच्या बोलण्याभोवतीच घुटमळायचं. औषधाने आता फारसा फरक पडणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. मी ते ऐकलं, पण मानलं नाही. दसऱ्याला निडी गावातल्या आमच्या अंगणात माझ्या इलेक्ट्रिक सायकलची पूजा केली, झेंडूची माळ घातली आणि पूजेचा लाल दोरा हँडलच्या उजव्या मुठीला चांगला घट्ट गुंडाळला. एकेका गाठीला मनात म्हणत होते, देवा, बाबांना नेऊ नकोस. हट्टीपणात मी बाबांवरच गेले आहे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघते. ती माझ्या माहेरच्या दारात आली की बाबा उभे राहून हात जोडतात. अंथरुणावरून देवाला बघायचं नाही, हा त्यांचा नेम. या वर्षी त्यांना उठवायला माणूस लागणार होतं, आणि लेक आल्याशिवाय मी उठायचो नाही, असं शेजारच्या काकूंना सांगून ते मोकळे झाले होते. ही पालखी त्यांची शेवटची, हे आम्ही सगळेच जाणून होतो, बोलत कोणी नव्हतं. माझा नवरा कंपनीत पहिल्या शिफ्टला गेलेला, गावातल्या रिक्षा पालखीच्या गर्दीसाठी आधीच रोह्याला पळालेल्या. गुडघ्याने दगा दिल्यापासून माझी सगळी मदार त्या सायकलवरच होती.

उजाडताच निघाले. धुकं इतकं दाट की दोन्ही बाजूंची पिवळी भातं मध्येच दिसायची, मध्येच विरून जायची. रस्ता आपणच पायाखालून सरकतोय आणि मी जागच्या जागी तरंगतेय, असं वाटत होतं. कपाळावरून दंव ओघळत होतं. त्या तंद्रीतच केव्हातरी मोटरची गुणगुण थांबली आणि पेडल एकदम जड झालं.

उतरले. सायकल बंद करून पुन्हा चालू केली. बॅटरी काढली, ओढणीने पुसली, परत बसवली. मागच्या चाकाकडे जाणारी वायर चाचपून पाहिली. पडद्यावर बॅटरी भरलेली दिसत होती आणि चाक दगडासारखं गप्प. थोडं पेडल मारून पाहिलं, तर गुडघ्यातून अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग मात्र मी देवावर चिडले. तुझ्याच दर्शनाला निघालेल्या माणसाला वाटेत अडवतोस, हा कुठला न्याय? धुक्यात कुठूनतरी ढोल ऐकू येत होता, किंवा मला तसा भास होत होता.

एवढ्यात बांधावरून एक म्हातारी आली. काष्टा घातलेला, कमरेला विळा खोचलेला. मी तिला काय झालं ते सांगितलं. बॅटरी-मोटरशी तिला काही देणंघेणं दिसलं नाही. तिने मुठीवरच्या लाल दोऱ्यावर बोट ठेवलं.

"बांधून ठेवलीस गो तिला, नि चाल बोलतेस? कशी चालंल?"

मी वाकून पाहिलं. मूठ आणि ब्रेकची दांडी मी एकत्रच गुंडाळली होती. दोरा दंवात भिजून आवळला होता आणि दांडी किंचित आत ओढली गेली होती. चाक अडण्याइतकी नव्हे, पण ब्रेक लागला की या सायकलची मोटर आपोआप बंद पडते, हे दुकानदाराने घेतानाच बजावलं होतं.

तिने कमरेचा विळा पुढे केला. माझा हात धजेना. म्हटलं, "आजी, पूजेचा आहे. बाबांसाठी बांधलाय. कापायचा कसा?"

"मग कापू नको. तू बांधलास ना, तूच सोड. देव नाय रागवायचा."

ओल्या गाठी सहज सुटत नव्हत्या. एकेक नखाने सोडवताना बांधतानाचे शब्द आठवत होते, आणि मी रडत होते. म्हातारीने सायकल धरून ठेवली होती. शेवटची गाठ सुटली, दांडी पुढे आली, आणि बटण दाबताच ती ओळखीची गुणगुण सुरू झाली. पाया पडायला वळले, तोवर ती बांध उतरून गेली होती. धुक्यातून तिच्या बांगड्या तेवढ्या वाजत राहिल्या. ती कोण होती, हे मी ठरवत बसत नाही.

पोहोचले तेव्हा पालखी गल्लीच्या तोंडाशी होती. बाबांना कवेत घेऊन दारात उभं केलं. पडतील या भीतीने मी त्यांना आवळून धरलं होतं. पालखी समोर आली तसे ते हळूच म्हणाले, "आता सोड. उभा हाय मी." मी हात काढले. पालखी दारात होती तोवर बाबा आपल्या पायांवर उभे होते, हात जोडून.

दिवाळीच्या आधी ते गेले. त्या दुपारी त्यांचा हात माझ्या हातात होता. नेऊ नकोस, हे शब्द अगदी ओठांवर आले, आणि ओल्या गाठी आठवल्या. मी म्हटलं, "बाबा, निघा तुम्ही. आमची काळजी करू नका." आणि माझी मूठ सैल केली.

मी मागितलं ते देवाने दिलं नाही, तरी त्याचे उपकार माझ्याच्याने फिटायचे नाहीत. यंदाच्या दसऱ्याला सायकलला पुन्हा दोरा बांधला. सैल बांधला.