चार गाठींचा रिपोर्ट

फॅटवाले तात्या ढवळल्याशिवाय चहाचा पहिला घोट घेत नसत. बिनसाखरेच्या चहातही त्यांचा चमचा फिरायचाच. लग्नाच्या पंगतीत वाढपी वरणाची बादली घेऊन आला की हे मोठ्यानं म्हणायचे, "आधी बुडातून ढवळ बे, वरवरचं काय वाढतो?" पंगत हसायची आणि त्यांची बायको, आमच्या काकू, पदर तोंडाला लावून दुसरीकडे बघायच्या.

शिरूर कासारजवळच्या आमच्या गावात सहकारी दूध संस्था होती. मी तिचा सचिव आणि तात्या टेस्टर, म्हणजे दुधातली फॅट मोजणारे; तिच्यावरच दुधाचा भाव ठरायचा. कॅनमधलं दूध जरा उभं राहिलं की साय वर येते. वरून नमुना घेतला तर फॅट फुगते, तळातून घेतला तर चांगलं दूधही पाणचट ठरतं. म्हणून तात्या लांब दांड्याची पळी प्रत्येक कॅनमध्ये बुडापर्यंत फिरवत, मगच नमुना घेत. एकदा चेअरमनच्या गड्यानं न ढवळता बाटली भरून पुढे केली, ती यांनी त्याच्यासमोर ओतून दिली. चेअरमन तणतणत आले, तर हे शांतपणे म्हणाले, "दूध तुमचं हाय, साहेब. ढवळणं माझं."

दुष्काळात ते आणखी कडक झाले. निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं, मागे राहिलेल्या बाया एकेका म्हशीवर दिवस काढत होत्या. एका सकाळी घाईत मीच एका बाईच्या कॅनचा नमुना न ढवळताच तळातून घेतला. तात्यांनी सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढली. "कावून बे, हात दुखतो का तुजा? त्या बाईचं घर चालतं ह्याच्यावर!" मला लई राग आला होता, पण त्यांचं खरं होतं.

त्याच वर्षी त्यांच्या शौचातून रक्त पडू लागलं. मूळव्याध समजून दोन महिने गेले, मग मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. मुलगा-सून माजलगावकडे ऊस तोडत होती, म्हणून शहरात मीच घेऊन गेलो. ऑपरेशन झालं, रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, "आजार पसरला तर तो आधी आतड्याजवळच्या चरबीतल्या बारीक गाठींमध्ये सापडतो. अशा चार गाठी तपासल्या. चारही स्वच्छ आहेत." मी तिथंच हात जोडले.

तात्यांनी विचारलं, "तशा गाठी किती असत्यात?"

"बऱ्याच असतात. निदान बारा तरी तपासाव्यात, असं आम्ही मानतो. पण यात चारच सापडल्या."

"मंग बाकीच्यांचं काय?"

डॉक्टरांनी रिपोर्ट पुन्हा चाळला. काढलेला आतड्याचा तुकडा लॅबमध्ये काही आठवडे ठेवतात, सांगितलं तर पुन्हा शोधतील, म्हणाले. एखादी बाधलेली गाठ निघाली तर औषधांचा कोर्स लगेच सुरू करायचा. त्यांनी लॅबसाठी चिठ्ठी लिहून दिली. लॅब त्या दिवशी बंद होती.

परतताना एसटीत तात्या म्हणाले, "वरवरचा नमुना हाय बे ह्यो. तू चिठ्ठी घेऊन जा. तुज्यावर भरवसा हाय माजा."

मी गेलो नाही. संस्थेनं चारा डेपो उघडला होता, मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती, हे खोटं नाही. पण खरं कारण ते नव्हतं. गावात पेढे वाटून झाले होते. काकू कपिलधारला जाऊन नारळ फोडून आल्या होत्या आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवल्या होत्या. पुन्हा ढवळलं आणि काही वर आलं तर? मी भ्यालो. दीड महिन्यानं गेलो, तेव्हा लॅबमधला माणूस म्हणाला, "तो तुकडा मागच्याच आठवड्यात टाकला."

गावी येऊन मी तात्यांना सांगितलं, "फिरून शोधलं. काय बी निघालं न्हाई."

"नव्या किती सापडल्या?"

"धा."

"चार न् धा, चौदा." त्यांनी बोटांवर मोजलं. "मंग ठीक हाय." काकूंनी चहा आणला. तात्यांनी तो न ढवळताच पिऊन टाकला. माझा कप तसाच राहिला.

वर्षाच्या आत त्यांचे डोळे पिवळे झाले. आजार लिव्हरमध्ये पोचला होता. मी डॉक्टरांना एकट्यात गाठून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाधलेली गाठ मिळाली असती तर तेव्हाच औषधं सुरू केली असती, आशा वाढली असती. पण तशी गाठ होती की नाही, हे आता कुणालाच सांगता येणार नाही." त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ऊसतोडीवरून मुलगा परत आला. तात्या खाटेवर, पोट फुगलेलं, हातापायांच्या काड्या झालेल्या. मुलगा माझ्यावर खेकसला, "रिपोर्ट चांगला होता म्हन्ता, मंग हे कसं झालं? तुमी नीट बगितलं का?"

तात्यांनी हातानंच त्याला गप्प केलं. बोलायला त्यांना फार कष्ट पडत होते. "त्याला बोल लावू नको. आपलं नशीब हाय. त्यानं बुडापासून ढवळून घेतलं सारं." मग माझ्याकडे मान वळवली. "व्हय का न्हाई बे?"

मी म्हणालो, "व्हय, तात्या. बुडापासून."