बंद पंपाची पातळी

वरवंडच्या त्या बोअरची पातळी मी दोनदा मोजली आणि दोन्ही वेळा ती चुकीची ठरली. पाणी बेचाळीस मीटरवर लागत होतं. आधीच्या माणसाच्या नोंदींत ते अठ्ठावीसच्या आसपास असायचं. ऑफिसमधल्या मॅडम फोनवर शांतपणे म्हणाल्या, "सर, एकदा परत जाऊन बघता का?" त्या माझ्याहून वीस वर्षांनी लहान. त्रेपन्नाव्या वर्षी मला कुणी दारात उभं करत नव्हतं तेव्हा त्यांनी कामावर घेतलं, म्हणून ते शांत बोलणं जास्तच लागलं. तीन महिने काम बघून मग कायम करायचं ठरलं होतं. त्यातले दोन गेले होते.

काम मला नवीन नव्हतं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, विषय भूगर्भशास्त्र. कॉलेज संपल्यावर दोन वर्षं याच शिरूर-दौंड भागात विहिरी मोजत फिरलो. मग कोरेगावजवळच्या एका कारखान्यात स्टोअरची नोकरी मिळाली आणि सव्वीस वर्षं सावलीत गेली. तो कारखाना बंद पडल्यावर बायकोला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "हातातलं काम आहे, विसरतंय कुठं?"

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा साडेअकरा झाले होते. मुरमावर गुडघे टेकून टेप बोअरमध्ये सोडली. पाण्याला लागली की ती वाजते. वाजली. आकडा वाचायला चष्मा बदलला, तो घामानं नाकावरून घसरला. त्रेचाळीस!

"आबा, पंप बंद होता ना?"

"सकाळपासनं हात लावला न्हाई." सत्तरीचे मालक बांधावर तंबाखू मळत बसले होते. "दर येळी त्येच इचारता. आमच्यावर भरवसा न्हाई व्हय?"

"तसं नाही हो."

"मास्तरावानी दिसताय. ह्या वयात हे कुठनं मागं लागलं तुमच्या?"

मी टेप गुंडाळायला लागलो. मागे सरकताना पाय कांद्याच्या वाफ्यात रुतला. बुटात गार पाणी शिरलं.

"आबा, वाफा ओला कसा?"

"लाईट व्हती की धा वाजेपतोर."

"मग पंप चालला?"

"चालला आसंल. आटो हाय त्यो. लाईट आली का आपला आपण चालू व्हतो. म्या कशाला हात लावू?"

ते खोटं बोलत नव्हते. आमच्या वेळी मोटार सुरू करायला कुणीतरी चालत जायचं. त्यामुळं 'बंद होती का' एवढं विचारलं की भागायचं. पंप थांबल्यावर पाणी मूळ पातळीला यायला कित्येक तास लागतात, आणि मी नुकत्याच उपसलेल्या बोअरमध्ये टेप सोडत होतो. तीनदा!

"एक दिवस आटो काढून ठेवाल?"

"आन् कांदा कोण भिजवणार, तुम्ही?" मग तेच म्हणाले, "गुरुवारी या. हिकडं गुरुवारी दिसभर लाईट नसती, तारांची कामं आसत्यात."

गुरुवारी दुपारी चारला टेप वाजली. एकोणतीस. मिनिटभर इतकं बरं वाटलं की मी तिथंच मातीत बसलो. मग नोंदवही उघडली. तळेगाव ढमढेऱ्यापासून इथवर माझ्याकडे बारा बोअर. बाकीच्या अकरा ठिकाणी मी हाच प्रश्न विचारला होता, हेच उत्तर लिहून घेतलं होतं. आटो नसलेला पंप त्यांत एकही आठवेना.

न सांगता चाललं असतं. त्या अकरा बोअरच्या जुन्या नोंदीच नव्हत्या, म्हणून त्या आकड्यांवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. तरी मॅडमना फोन लावला.

"सगळेच चुकले?"

"सगळेच धरा."

"महिन्यात होतील परत?"

चार गुरुवार उरले होते, आणि पाणी वर येईपर्यंत दुपार होते, मग दिवसात दोनच बोअर होतात. "आठ होतील. तीन राहतील."

"मी वरती बोलते, सर. पण शब्द देत नाही."

फोन ठेवला तर आबा शेजारी उभे. "आलं का आज बराबर?"

"आलं, आबा. तुमचं एकट्याचं."