लाल फुल्यांचा पिक्चर

चहा संपवून घ्या आधी. किस्सा माझ्या फजितीचा आहे, आणि तुम्ही हसणार हे मला माहीत आहे. उगाच कपडे खराब व्हायचे.

मी चिखलीतल्या एका शाळेत मराठी शिकवतो. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. माझा लाल पेन पाहिला की पोरांना घाम फुटतो म्हणतात. आता अशा माणसानं भर नातेवाइकांत काय दिवे लावावेत?

आई-बाबा जानेफळजवळच्या आमच्या गावी राहायचे. शेती कोरडवाहू. पाकिटातली ती नवी बीटी कपाशी आमच्याकडे आली, तेव्हा पहिल्या वर्षी कापसानं घर भरलं. मग मात्र ओळीनं दोन वर्षं वाया गेली. एका साली पावसानं ताण दिला, दुसऱ्या साली लाल्या रोग पडून पानंच्या पानं तांबडी झाली. बाबा शेतात जायचे, वखरायचे, सगळं करायचे. फक्त बोलायचे थांबले. मुके झाले नव्हते हो! 'हाव', 'नाही', 'वाढ', 'पुरे' एवढं होतं. पण तेवढंच. आई फोनवर म्हणायची, "भिंतीसंग बोलून राह्यली रे मी. तिच्यापासून निदान पोपडे तरी पडतात."

त्या वर्षी त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं होत होती. माझ्या मनात आलं, आपण घरच्या घरी एक पिक्चर बनवू. जुने फोटो जमवू, सनई लावू. बाबा पाहतील, हसतील, चार शब्द बोलतील.

आमच्या घरी नवा कंप्युटर आला होता आणि त्यात पिक्चर जोडायची सोय आयतीच होती. काय सोपं होतं! खालच्या पट्टीवर फोटो ओढून आणायचे, मधेमधे निळ्या पाट्यांवर पांढऱ्या अक्षरात मजकूर लिहायचा, की झालं. एक फोटो जाऊन दुसरा येताना काय काय गमती करता येत होत्या! मी एकही सोडली नाही. फोटो फाटायचा, पाकळ्यांसारखा उलगडायचा, भोवऱ्यासारखा फिरायचा. बायको म्हणाली, "अहो, बाबाईले गरगर होईन ना!"

"कला आहे ती," मी म्हणालो.

मग मी 'सेव्ह' केलं आणि पेनड्राइव्हवर टाकलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत गेलं!

"एवढा मोठा पिक्चर टिचकीत गेला?" बायकोला शंका. "एकदा दुसरीकडं लावून तं पाहा."

"अगं, शंभर वेळा पाहिलाय मी इथं!"

इथं. हा शब्द लक्षात ठेवायला हवा होता मी.

लग्नाच्या वाढदिवशी आम्ही गावी पोचलो. साखरखेर्ड्याहून आत्या आली, म्हणजे बाबांची मोठी बहीण. शेजारपाजार जमला. जानेफळात फोटो स्टुडिओ चालवणारे सलीमभाई आपला लॅपटॉप घेऊन आले. पाचला लाईट आली तशी त्यांनी वायर टीव्हीला जोडली. बाबा खाटेवर भिंतीला टेकून बसलेले. मी उभा राहून छोटं भाषणही केलं. नको होतं करायला.

"लावा, सलीमभाई!"

सलीमभाईंनी लावलं. आणि टीव्हीवर काय? फुल्या! फोटोंच्या जागी रांगेनं लाल फुल्या! या टोकापासून त्या टोकापर्यंत!

"सर," सलीमभाई हळूच म्हणाले, "ये तो सब गलत बता रहा. फोटो कुठं हायेत?"

आत्या चष्मा सावरत पुढे सरकली. "काऊन रे दिलीप, नापास झाला काय?"

झालं असं होतं, की मी पेनड्राइव्हवर टाकला तो पिक्चर नव्हताच. कोणत्या फोटोनंतर कोणता फोटो लावायचा, एवढी नुसती मांडणी होती ती. फोटो चिखलीत. सनई चिखलीत. म्हणजे पाहुणे पंगतीला बसले, पत्रावळी मांडल्या, आणि स्वयंपाक दुसऱ्या गावी राहिला! सोबत आल्या होत्या त्या फक्त माझ्या निळ्या पाट्या.

"चालू तं करा," आई म्हणाली. "जे हाय ते पाहू."

सलीमभाईंनी बटण दाबलं. पाटी आली, 'दोन जिवांची रेशीमगाठ'. मग अंधार.

"मंग? दाखव न गाठ," आत्या म्हणाली.

"तिथं लग्नाचा फोटो होता, आत्या."

"तो कोटवाला? अवं माय! तो कोट आमच्या ह्याईचा होता. नवरदेवाले कोट नव्हता, तं आमच्या ह्याईनं आंगातला काढून देल्ला."

"नाही."

सगळ्यांनी माना वळवल्या. बाबा बोलले होते!

"कोट तुह्या नवऱ्याचा नव्हता," बाबा म्हणाले. "शिंप्याचा होता. म्हंजे शिंप्याच्या गिऱ्हाइकाचा. शिवून ठेवला होता, तो एका दिवसासाठी देल्ला त्यानं."

"मले कधी सांगतलं नाही!" आई म्हणाली.

"काय सांगू? ते गिऱ्हाईक पंगतीतच बसलं होतं! माह्याजवळ आलं, कोटाले हात लावला, म्हणे, जावईबापू, कापड मस्त हाय. मलेही असाच शिवाचा हाय!"

आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. आत्या तर खाटेचा पाय धरून हसत होती. सलीमभाईंनी बेतानं पुढची पाटी येऊ दिली.

'पांढरं सोनं'.

मी ती पाटी मोठ्या हौसेनं लिहिली होती, पहिल्या वर्षीच्या कापसाच्या फोटोसाठी. आता लाल्याची आठवण निघणार! मी घाईघाईनं म्हणालो, "सलीमभाई, पुढं घ्या, पुढं घ्या."

"थांब," बाबा म्हणाले. "ते माह्यं हाय."

आणि ते सांगू लागले. पाकिटाला आईनं कुंकू लावलं होतं. एकेक सरकी चिमटीत धरून मातीत टोबली होती. घरात एवढा कापूस झाला, की अंथरूण टाकायला जागा नव्हती, म्हणून दोघं कापसावरच झोपले. "तुही माय म्हणे, राजाची गादी हाय. आन् सकाळी पाह्यलं तं राणी आंग खाजवून राह्यली!"

"आन् राजा?" आई म्हणाली. "राजाच्या मिशीत सरकी अडकली होती, ते सांगा न!"

हसणं ओसरलं. बाबा काळ्या पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "पुढच्या दोन सालाचा फोटो नाही कोनाजवळ. नसला तं नसला. पाहून काय कराचं?" आईनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. इतक्या लोकांत! बाबांनीही तो तिथंच राहू दिला. मी उगाच वायरी तपासल्या.

आता खरं सांगायचं म्हणजे पुढची पाटी यायला नको होती. पण आली. 'त्यांचा कर्तबगार सुपुत्र'. मीच लिहिली होती हो! दुसरं कोण लिहिणार?

अंधार पडला. मी वाट पाहिली. कोणी काही बोलेना. कोटावर बोलले, सरकीवर बोलले, माझ्यावर एक शब्द नाही! सलीमभाई खोकले. शेवटी आईला दया आली असावी.

"हा लहानपणी माती लय खाये," ती म्हणाली.

मग काय विचारता! मी कोणाकोणाच्या ओट्याची माती खाल्ली, यावर चांगली चर्चा झाली. बाबा त्यात सर्वांत पुढे.

पण मी मास्तर माणूस. चूक दुरुस्त केल्याशिवाय चैन पडतं का? दुसऱ्या रविवारी पिक्चर नीट तयार करून नेला. सगळे फोटो, सनई, पाकळ्या, भोवरे, काही म्हणता काही कमी नाही. बाबांनी चष्मा पुसून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत शांतपणे पाहिला.

"कसा वाटला, बाबा?"

बाबांनी चष्मा काढला. मला वाईट वाटू नये म्हणून जरा विचार केला असावा.

"बरा हाय. पण पह्यला चांगला होता."

"काऊन?"

"याच्यात मधामधात फोटोच येऊन राह्यले, बाप्पा. मानसाले बोलूच देत नाहीत."