नऊ वेळा विकलेला भोपळा

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकतील, अक्षरही वेडंवाकडं आहे, वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. बोलायला मी लाजते, म्हणून या वहीत लिहून ठेवते आहे. माझ्यासारखी मिश्री लावणारी एखादी बाई हे वाचेल आणि वेळेवर दवाखान्यात जाईल, एवढ्यासाठी.

डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "मावशी, हा कॅन्सर आहे. पण लहान आहे, लवकर सापडलाय." मला पहिलंच वाक्य ऐकू आलं. पुढचं माझ्या नवऱ्याने ऐकलं. ते तुर्भ्याच्या मार्केटात हमाली करतात. पन्नास किलोची गोणी एकट्याने उचलणारा माणूस, पण तो कागद त्यांनी दोन्ही हातांनी उचलला.

सुरुवात चार महिने आधी झाली. डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा आला. तिखट लागलं की आग व्हायची. उष्णता असेल म्हणून मी सब्जा पीत राहिले. मग एका रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी द्राक्षरसाचा घोट घेतला आणि डोळ्यांतून घळघळ पाणी आलं. शेजारी रूथ मावशी होत्या, आमच्या चाळीतल्याच. त्या म्हणाल्या, "काय भक्ती गं तुझी." बाहेर आल्यावर मी त्यांना तोंड उघडून दाखवलं.

त्याच मला कोपरखैरण्याच्या दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी विचारलं, "तंबाखू खाता?" मी नाही म्हटलं. मिश्री तंबाखूच भाजून करतात, हे मला ठाऊक होतं. पण चर्चची बाई शेजारी बसली होती. रविवारी मी तीन-तीन चुळा भरून उपासनेला जायची.

डॉक्टर म्हणाले, "मग हे दात कशाने काळे झाले?"

रूथ मावशी म्हणाल्या, "सांग की गं. मी पण लावते."

बायांनो, दुखणं अंगावर काढू नका, डॉक्टरांपासून लपवू नका. माझे चार महिने त्यातच गेले.

पुढे बायोप्सी केली, म्हणजे चट्ट्याचा लहान तुकडा काढून तपासायला पाठवला. त्याचाच तो रिपोर्ट. ऑपरेशन सरकारी योजनेत बसलं. पण आधीचे स्कॅन, बाहेरची औषधं आणि ह्यांचे बुडणारे रोज आमच्या अंगावर होते. मॅडमनी पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली आणि बजावलं, "तारीख चुकवायची नाही."

मधल्या रविवारी आमच्या चर्चच्या मंडळीत कापणीचा सण होता. आमच्यापैकी कोणाकडे आता शेत नाही. तरी जो तो काहीतरी आणतो, कोणी कोंबडी, कोणी केक, आणि लिलाव होतो. मी पत्र्यावरच्या वेलाचा लाल भोपळा नेला होता. बोली पुकारायला याकोबभाऊ. ते भाजीची गाडी लावतात, आवाज खणखणीत. भोपळा वर धरून म्हणाले, "बघा, पाळकसाहेबांसारखा गोल आहे आणि सव्वा तास उपदेशही करत नाही." पाळकसाहेबच आधी हसले.

रूथ मावशींनी दोन हजाराला घेतला आणि म्हणाल्या, "परत विका." आमच्यात तशी रीत आहे, पैसे भरून घेतलेली वस्तू पुन्हा लिलावाला ठेवायची, म्हणजे दरवेळी पैसे जमत जातात. मग रिक्षावाल्या दानियलने घेतला. तोही म्हणाला, "परत विका." असा तो नऊ वेळा विकला. शेवटी पाळकसाहेबांनी भोपळा आणि पाकीट दोन्ही माझ्या ओटीत ठेवलं. अठरा हजार चारशे. रूथ मावशींनी माझ्या आजाराचं सगळ्यांना सांगितलं होतं, हे मला तेव्हा कळलं. लाजेने मान वर होईना.

घरी मी म्हटलं, "हे उसने आहेत."

हे म्हणाले, "अगं, देवाने दिलेत."

"देवाने दिलेत खरं. पण दानियलने दोन दिवसांची कमाई दिलीय. उद्या त्याच्यावर वेळ आली तर?"

भोपळ्याची भाजी केली, बिया धुऊन वाळवून ठेवल्या. मिश्रीची डबी मोरीत रिकामी केली.

ऑपरेशनमध्ये गालाचा आतला भाग काढला आणि मांडीची कातडी लावली. दहा दिवस नाकातल्या नळीने दूध-पाणी. मग मॅडम म्हणाल्या, "मार्जिन क्लिअर आहे." म्हणजे कापलेल्या कडेला रोग उरलेला नाही. पण ट्रिसमस झाला, म्हणजे जबडा आखडला. घास जाईना, शब्द फुटेना. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी आइसक्रीमच्या काड्या दिल्या. एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि हळूहळू वाढवायच्या. पहिल्या दिवशी सात काड्या गेल्या. रोज पहाटे काड्या धरून मी मनात म्हणायची, प्रभू, आज आणखी एक. कधी आठवडाभर एकही वाढत नसे. दुखून रडू यायचं, पण काड्या काढल्या नाहीत. आठ महिन्यांनी तेवीस झाल्या.

काड्या चालू असतानाच, तिसऱ्या महिन्यात धुण्याभांड्याची कामं पुन्हा धरली होती. पहिले दोन हजार घेऊन पाळकसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, "बाई, हे कर्ज नव्हतं. घेऊन जा." मग मी नाव न लिहिता दर महिन्याला पाकीट अर्पणाच्या थैलीत टाकायला लागले.

दुसऱ्या वर्षीच्या कापणीला त्याच बियांचा भोपळा नेला. त्या महिन्यात दानियलचा पाय मोडला होता, रिक्षा उभी होती, म्हणून भोपळ्याचे पैसे त्याला द्यायचे होते. याकोबभाऊंनी पुकारा केला. बोली हजारावर अडली. महिनाअखेर होती, सगळे एकमेकांकडे बघत होते. "एक वार," ते म्हणाले. "दोन वार."

मी उभी राहिले. "तीन हजार चारशे."

"कोण बोललं?" याकोबभाऊ सगळीकडे बघायला लागले. "भोपळा बोलला काय? जरा मोठ्याने सांगा."

मी तोंड तेवीस काड्यांएवढं उघडलं आणि पुन्हा सांगितलं. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. रूथ मावशी पदराने डोळे पुसत होत्या.

"तीन वार," म्हणून याकोबभाऊंनी भोपळा माझ्यापुढे धरला. मी रुमालाची गाठ सोडून पैसे दिले आणि म्हटलं, "परत विका."

याकोबभाऊंनी नोटा मोजल्या. बरोबर तीन हजार चारशे. थैलीतल्या पाकिटांचे पंधरा हजार धरून अठरा हजार चारशे पूर्ण फिटले, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला आणि देवाला ठाऊक होतं.