ठसका न देणाऱ्या मिरच्या

आता काय सांगू तुम्हाला, घरातलं भूत उतरवायला गेलो आणि माझंच पितळ उघडं पडलं. हसायचं ते शेवटी हसा, आधी ऐका.

सुरतेत दिंडोलीला सहा मजली बिल्डिंग आहे. तिच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही भाड्यानं राहायला आलो. मी एसीपीचा फिटर. बिल्डिंगला बाहेरून ते चकचकीत, हलके पत्रे लावतात ना, ते लावणारा मी. या बिल्डिंगचे पत्रेही मीच लावलेले. शेजाऱ्यांना पत्ता नव्हता, घरात मात्र माझी भरपूर फुशारकी मारून झाली होती.

पहिल्याच आठवड्यात बायको म्हणाली, "अहो, दुपारची ही भिंत श्वास घेते."

रविवारी मी स्वतः ऐकलं. रणरणतं ऊन, वारा पडलेला. आणि खिडकीशेजारून हूंऽऽ असा लांब उसासा. मग आतून कुणी नखानं वाजवावं तसं टक, टक. भिंतीला लागून आमची तीन वर्षांची परी झोपलेली, आणि तिच्या केसांची टोकं भिंतीकडे ओढली जात होती. खोटं कशाला बोलू, मी थेट मायला हाक मारली.

"भितमा कोनी तरी शे," माय म्हणाली. तिनं धुपाटण्यात निखारे घेतले आणि मीठ, मोहरी, मिरच्या परीवरून उतरवून त्यावर टाकल्या.

एरवी एक मिरची जळली तरी खोकून जीव जातो की नाही? आणि ठसका लागला नाही तर समजायचं, बाधा मोठी. इथं सात मिरच्यांचा कोळसा झाला, कुणी शिंकलंसुद्धा नाही.

"जबर शे," माय कुजबुजली. "आखो टाक."

मी मूठभर टाकल्या आणि मग मला धूर दिसला. तो वर जातच नव्हता. आडवा सरकत खिडकीच्या कडेला, पत्रा आणि भिंत यांच्यामधल्या फटीत शिरत होता. आत बसून कुणी ओढत असावं तसा. त्याच्या मागोमाग एक ठिणगी उडाली, तीही आत गेली.

तेव्हा माझी पाचावर धारण बसली. कारण आत कुणीही नव्हतं, हे मला कळलं. त्या पोकळीत दर मजल्यावर आग अडवणारी आडवी पट्टी भरायची असते. काम घाईचं, म्हणून मी एकही भरली नव्हती. उन्हानं तापून पत्रे टकटकत होते आणि पोकळी धुराड्यासारखी हवा वर ओढत होती. पत्र्यांच्या पोटात प्लास्टिक. ते पेटलं असतं तर सहाही मजले गेले असते, आणि सगळ्यात आधी परी.

परीला उचलून बायकोकडे दिलं, दोघींना खाली पाठवलं. दोन बादल्या पाणी फटीत ओतलं आणि भिंतीला हात लावून उभा राहिलो.

काही पेटलं नाही. वर खोकला मात्र पेटला. सहाव्या मजल्यावरच्या नीताबेन लालभडक डोळ्यांनी खाली आल्या, मागे अर्धी बिल्डिंग. "अरे भाई, दीवालमांथी मरचांनो धुमाडो क्यांथी आवे छे?"

मी सगळ्यांना पोकळी, पट्टी, प्लास्टिक समजावून सांगितलं. लोक माना डोलावत होते.

"तमे तो बहु जाणो छो," नीताबेन म्हणाल्या. "पण आवुं काम कर्युं कोणे?"

"असेल कुणी चोर," मी म्हणालो. "सापडला तर सोडू नका."

एवढ्या लोकांत लेकाचा मान बघून मायला राहवेना. ती पुढं आली. "चोर कसाना, बेन? हाई समदं मना पोऱ्यानी लायेल शे."